ट्रिपचे प्रश्न : देवळं किती बघायची आणि भांडायचं किती

मागच्या अंकात एवढंच विचारलं होतं की मित्रमैत्रिणींचा ग्रुप घेऊन आग्नेय आशियात जायचं ठरवताय का, काही अडलं असेल तर लिहा. ढीगभर पत्रं आली, आणि गंमत म्हणजे निम्म्या पत्रांत देऊळ नावालाच आहे, खरा प्रॉब्लेम ग्रुपमधल्या कुणाचा तरी आहे. मी स्वतः आठ जणांच्या टोळक्याबरोबर तिकडे दोनदा जाऊन आलेय, पहिल्यांदा भांडून आणि दुसऱ्यांदा जरा शहाणपणाने, त्यामुळे दोन्ही बाजू कळतात. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही सात जण, कॉलेजपासूनचे. कशीबशी बारा दिवसांची सुट्टी जमलीय. प्लॅन असा आहे : बँकॉक, अयुथया, सिएम रीप, तिथून व्हिएतनाममध्ये होई आन आणि मी सनची देवळं, मग जावातलं बोरोबुदुर आणि प्रंबानन, जमलंच तर म्यानमारचं बगान. एक जण म्हणतो आरामात होईल, दुसरा म्हणतो वेडे आहात का. तुम्ही निकाल द्या. — सातातली मधली

उत्तर : दुसऱ्याचं ऐका. नकाशावर हे सगळं जवळजवळ दिसतं, पण कंबोडियातून जावात जायचं तर मध्ये बहुधा क्वालालंपूर किंवा सिंगापूरला विमान बदलावं लागतं आणि अख्खा दिवस त्यात जातो. शिवाय सात जणांचं चेकआउट काय असतं ते एकदा डोळ्यासमोर आणा, एक अंघोळीत, दुसऱ्याचा चार्जर उशीखाली राहिलेला, तिसरीची बॅग बंद होत नाही म्हणून चौथा त्यावर बसलेला, आणि हे बारा दिवसांत सहा वेळा. नको.

बगान आधी काढून टाका. तिथे दोन हजारांहून जास्त देवळं-पागोडे आहेत, बघण्यासारखं आहेच, पण २०२१ च्या लष्करी उठावापासून म्यानमारमध्ये यादवी चालू आहे आणि त्यात मार्च २०२५ चा मोठा भूकंप झाला, सात जणांना घेऊन जायची ती जागा आत्ता नाही.

मग उरलेल्यातून एक दोरी पकडा. एक तर थायलंड-कंबोडिया, नाहीतर जावा, नाहीतर मध्य व्हिएतनाम. मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी थायलंड-कंबोडिया करावं : बँकॉक तीन दिवस, अयुथयाला एक रात्र, सिएम रीपला पाच दिवस, शेवटी फ्नॉम पेन्हला दोन, आणि उरलेला एक दिवस कुठे ना कुठे आपोआप खर्च होतोच. सिएम रीप म्हणजे अंगकोरच्या देवळांशेजारचं गाव, तिथे पाच ऐकून तुमच्यातला कुणीतरी दचकेल, पण दिवसाला दोन किंवा फार तर तीन देवळं हा माझा हिशोब आहे. आम्ही पहिल्या वेळी एका दिवसात सात केली होती. परत आल्यावर फोटो बघताना कुठलं कुठलं ते एकालाही सांगता येईना, सगळ्यांत तेच काळे दगड आणि तीच आमची लालबुंद तोंडं.

अयुथयाला रात्र का काढायची, तर बँकॉकहून ते फक्त ऐंशी किलोमीटर असल्याने सगळे सकाळी येऊन संध्याकाळी परत पळतात. १३५० च्या सुमाराला वसलेली ही राजधानी १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने जाळली, नाव आपल्या ओळखीच्या अयोध्येवरूनच आलंय. तिथे रांगेने बिनडोक्याचे बुद्ध बसलेत. तिथल्या वाट महाथात देवळात (तिकडे वाट म्हणजे देऊळ) झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं डोकं आहे, त्याच्यापुढे फोटो काढताना खाली बसायचं असतं, कारण आपलं डोकं बुद्धाच्या डोक्याच्या वर जाता कामा नये. संध्याकाळी गर्दी गेल्यावर नदीकाठच्या वाट चायवत्थनारामपाशी सायकली घेऊन जा, बाकी काही करू नका.

आणि एक महत्त्वाचं. पूर्वी लोक बँकॉकहून बसने पोइपेतच्या नाक्यावरून कंबोडियात जायचे, जुने सगळे व्हिडिओ हेच सांगतात. जून २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या सीमावादात ही जमिनीवरची नाकी बंद झाली, जुलैत तर सरळ लढाई झाली. त्यामुळे निघायच्या आधी ताजी परिस्थिती बघा आणि प्लॅन विमानाचाच ठेवा.

प्रश्न : अंगकोर वाटचा सूर्योदय. आमच्यात तीन जण म्हणतात पहाटे साडेचारला निघायचंच, तिघं म्हणतात सुट्टीत आम्ही साडेचारला उठणार नाही, आणि यावरून ग्रुपवर चार दिवस शांतता आहे. — तीन विरुद्ध तीन

उत्तर : तीन जणांनी जा, तिघांनी झोपा. हे इतकं सोपं आहे पण ग्रुपमध्ये कुणाला सुचत नाही, कारण आपल्या डोक्यात बसलेलं असतं की एकत्र आलो म्हणजे लघवीलाही एकत्र जायचं.

आता देवळाचं सांगते म्हणजे दोन्ही पार्ट्यांना कळेल की कुणाचंच नुकसान नाही. ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या लोकांची, बहुतेक देवळं पूर्वेकडे तोंड करून आहेत, अंगकोर वाट मात्र पश्चिमेकडे. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने ते विष्णूसाठी बांधलं. तोंड पश्चिमेला म्हणून सूर्य शिखरांच्या मागून वर येतो, आणि म्हणून पहाटे पाचपासून डाव्या हाताच्या तळ्याकाठी मोबाईल वर धरलेल्या हातांचं जंगल उभं असतं. आमच्या वेळी ढग होते. सूर्य उगवला हे आम्हाला घड्याळावरून कळलं.

पण खरी मजा त्याच्यानंतर आहे. उजाडलं की निम्मी जनता नाश्त्याला हॉटेलात परत जाते. तुम्ही पोटात एक केळं टाका आणि सरळ देवळाच्या मागच्या बाजूला जा, पूर्वेकडच्या ओवरीत, दक्षिणेच्या अर्ध्या भागात. तिथे भिंतीवर समुद्रमंथन आहे, जवळजवळ ४९ मीटर लांब, एका बाजूला ९२ असुर आणि दुसऱ्या बाजूला ८८ देव, आणि सगळ्यांच्या हातातून गेलेला वासुकी. सकाळचं तिरकं ऊन ओवरीच्या खांबांमधून त्या भिंतीवर येतं आणि उठाव असा काही सुटतो की बास. मधोमध विष्णू, खाली कासव, वर उडणाऱ्या अप्सरा. हे सगळे बघतात. तुम्ही खाली बघा, पाण्याच्या पट्ट्यात. टोकाला मासे, मगरी मजेत पोहतायत, आणि जसजसे मंदार पर्वताकडे सरकाल तसतसे मासे फाटत जातात, रवीच्या अगदी जवळ तर नुसते तुकडे, अर्धं तोंड इकडे आणि शेपूट तिकडे. घुसळण किती जोरात चाललीय हे त्या शिल्पकाराने देवांच्या दंडातून नाही, माशांच्या हालांतून दाखवलंय. मी तिथे अर्धा तास उकिडवी बसले होते आणि आमच्यातली एक जण मला बेशुद्ध समजून पाणी घेऊन आली.

झोपलेल्या तिघांनी दुपारी तीनच्या पुढे जावं. तेव्हा ऊन पश्चिमेकडून येतं आणि पश्चिमेच्या दोन्ही ओवऱ्या उजळतात. आत शिरताना उजव्या हाताला, म्हणजे दक्षिणेच्या भागात, कुरुक्षेत्र, त्यात बाणांनी भरलेले भीष्म शोधा, आणि डाव्या हाताला लंकेचं युद्ध, हनुमानाच्या खांद्यावर उभा राम आणि समोर वीस हातांचा रावण. त्या वेळी देवळाचा दर्शनी भागही उन्हात असतो, फोटोही बरे येतात. सकाळवाल्यांचा पास दिवसभर चालतो, त्यांनाही हवं तर परत या म्हणावं. रात्री जेवताना एकमेकांना मासे आणि भीष्म सांगा, चार दिवसांची शांतता संपेल.

प्रश्न : अंगकोरच्या देवळांचा पास कुठला घ्यायचा? तीन प्रकार दिसतात.

उत्तर : एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तीनवाला घ्या. तो सलग वापरावा लागत नाही, दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतात, म्हणजे मध्ये एक दिवस नुसतं लोळायला मिळतं आणि ग्रुपला असा दिवस लागतोच. पासवर तुमचा फोटो असतो आणि जवळजवळ प्रत्येक देवळाच्या दाराशी तो बघतात, त्यामुळे सगळ्यांचे पास एकाच्या बॅगेत ठेवायचा शहाणपणा करू नका, तो एक जण नेमका हरवतो. संध्याकाळी पाचनंतर काढलेला पास दुसऱ्या दिवसापासून मोजतात आणि त्या संध्याकाळी सूर्यास्त फुकटात बघता येतो. मात्र सूर्यास्ताची प्रसिद्ध टेकडी म्हणजे फ्नॉम बाखेंग, तिच्यावर एका वेळी तीनशेच लोक सोडतात, रांग लावायची तयारी ठेवा.

प्रश्न : माझे गुडघे वाईट आहेत. मैत्रिणी म्हणतात चल ग, आम्ही धरून नेऊ. मला धरून नेलेलं नकोय, पण घरी बसायचंही नाहीये. काय काय जमेल? — हळू चालणारी

उत्तर : पत्र वाचून तुम्ही लगेच आवडलात.

नको त्या जागा आधी. अंगकोर वाटचा सगळ्यात वरचा मजला, त्याला बाकान म्हणतात, तिथे शिडीसारखा उभा जिना आहे, एका वेळी मोजकीच माणसं सोडतात आणि बौद्ध पवित्र दिवशी तो बंदच असतो. सोडून द्या. वरून दिसतं छान, पण देवळातली सगळ्यात चांगली शिल्पं खालच्या ओवऱ्यांत आहेत आणि त्या सपाट आहेत. जावातल्या बोरोबुदुर स्तूपाच्या पायऱ्याही उंच आहेत, तिथे जाणार असाल तर आधी विचार करा.

आता हो वाल्या जागा. बांतेय स्रेई. शहरापासून जरा लांब आहे, पण देऊळ छोटं, जवळजवळ एकाच पातळीवर. ते ९६७ साली पूर्ण झालं, म्हणजे अंगकोर वाटच्या दीडेकशे वर्षं आधी, आणि ते राजाने नाही तर यज्ञवराह नावाच्या त्याच्या गुरूने उभारलं. गुलाबी वालुकाश्म आहे, लाकूड कोरावं तसा कोरलेला. एका दारावरच्या त्रिकोणी कमानीवर रावण कैलास हलवतोय, शंकर पायाच्या अंगठ्याने डोंगर दाबतोय आणि पार्वती घाबरून त्याला बिलगलीय, खाली हत्ती आणि सिंह पळतायत. मान वर करून बघायचं, गुडघ्यांचं काही काम नाही. सकाळी लवकर जा, दहानंतर बसेस येतात.

दुसरं प्रिय खान. लांबच लांब आहे पण दारामागून दार असं सरळ, दमलात तर कुठल्याही उंबऱ्यावर बसा. उंबरे मात्र सांभाळा. ता प्रोम, ते मुळांनी गिळलेलं देऊळ, तिथे बऱ्याच ठिकाणी लाकडी फळ्यांची वाट केलीय. आणि बायोन खालून बघा, वर नाही चढलात तरी चालेल. खालच्या बाहेरच्या भिंतीवर देवादिक कमी आणि माणसं जास्त आहेत, मासे विकणाऱ्या बायका, कोंबड्यांची झुंज, उकळत्या कढईत सोडलं जाणारं डुक्कर, तोन्ले साप तळ्यावरची चाम लोकांशी, म्हणजे आजच्या व्हिएतनामातल्या शेजाऱ्यांशी, झालेली नावांची लढाई. वर जाऊन सगळे त्या मोठमोठ्या हसऱ्या चेहऱ्यांबरोबर नाकाला नाक लावून फोटो काढत असतात, तोपर्यंत तुमचा अख्खा बाजार बघून होतो.

मैत्रिणींना सांगा की टुकटुकवाल्याला थांबवून ठेवायचे पैसे तेवढे काँट्रिब्युशनमधून द्या. धरून न्यायची गरज नाही.

प्रश्न : पैशांची भांडणं टाळायची कशी? मागच्या ट्रिपचा हिशोब अजून चालू आहे. — खजिनदार, नाइलाजाने

उत्तर : रोज सकाळी सगळ्यांकडून सारखी रक्कम घ्या आणि एका पाऊचमध्ये टाका. टुकटुक, पाणी, नारळ, तिकिटं असं समाईक सगळं त्यातून. दारू, मसाज, शॉपिंग ज्याचं त्याने. पाऊच रोज वेगळ्याकडे द्या म्हणजे प्रत्येकाला एकदा कळतं की पैसे खरंच संपतात. फोनवर हिशोबाचं अॅप असतंच, पण बाजारात आठ जणांत उभं राहून ते भरायला कुणाला वेळ असतो.

बाकी तिकडच्या नोटांच्या गमती माहीत करून घ्या. कंबोडियात रिएल आणि अमेरिकन डॉलर दोन्ही चालतात, एका डॉलरला साधारण चार हजार रिएल धरतात आणि एका डॉलरच्या आतले सुटे पैसे रिएलमध्ये येतात. डॉलरची नोट जराशी फाटलेली असली तरी घेत नाहीत, आमच्यातल्या एकाकडे कोपरा फाटलेली वीसची नोट होती, ती पूर्ण देश फिरून आमच्याबरोबर परत आली. व्हिएतनामला गेलात तर शून्यं मोजून जीव जातो, आणि त्यात वीस हजार डाँग आणि पाच लाख डाँग दोन्ही नोटा निळ्या. अंधारात टॅक्सीत बसून कधीच पैसे देऊ नका, दिवा लावायला सांगा, शून्यं मोजा, मग द्या.

सिएम रीपच्या टुकटुकमध्ये, म्हणजे रेमॉकमध्ये, चार माणसं नीट बसतात. सहा जण असाल तर दोन रेमॉक करा, कोण कुणाबरोबर बसतंय ते रोज बदला. लांबच्या दिवशी व्हॅन बरी.

प्रश्न : बँकॉकला कुणी फसवतं का? ऐकून भीती वाटते.

उत्तर : भिऊ नका, पण हसू येईल असं एक सांगते. राजवाड्याच्या बाहेर आम्ही उभे, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक सभ्य गृहस्थ आला आणि फार काळजीने म्हणाला की आज राजवाडा बंद आहे, पूजा आहे, दुपारी उघडेल, तोवर मी तुम्हाला स्वस्तात टुकटुक करून देतो, मोठा बुद्ध दाखवेल. आम्ही आठ जण, त्यात दोन इंजिनीअर आणि एक वकील, सगळे बसलो. मोठा बुद्ध दिसला, खरंच मोठा होता. त्यानंतर रत्नांचं दुकान, मग शिंप्याचं दुकान, मग पुन्हा रत्नांचं. आमच्या वकिलाने सूट शिवायला टाकला. परत आलो तर राजवाड्याचा तिकिटाचा वेळ संपलेला आणि आतून बाहेर पडणारे लोक आईस्क्रीम खातायत.

तर लक्षात ठेवा, राजघराण्याचा काही समारंभ नसेल तर राजवाडा रोज उघडा असतो, साडेआठ ते साडेतीन, तिकीट ५०० बाट, आणि बंद आहे की नाही ते तिकीट खिडकीवरच विचारायचं, फुटपाथवर नाही. आत वाट फ्रा केव आहे, तिथली पाचूची म्हणतात ती बुद्धमूर्ती प्रत्यक्षात जेड किंवा जास्परसारख्या हिरव्या दगडाची, उंचीने छोटीशी, आणि ऋतू बदलला की वर्षातून तीनदा राजा स्वतः तिचे कपडे बदलतो. भोवतीच्या ओवऱ्यांत १७८ चित्रांत त्यांचं रामायण, म्हणजे रामकियेन. घाई केलीत तर ते बघायचं राहतं.

जवळच वाट फो, ४६ मीटरचा झोपलेला बुद्ध. पायापाशी जा, तळव्यांवर शिंपल्याच्या कामात १०८ मंगल चिन्हं आहेत. पाठीमागच्या बाजूला १०८ पात्रं ओळीने मांडलीत, सुटे पैसे घ्यायचे आणि एकेकात एक नाणं टाकत चालायचं, सगळ्या हॉलभर टणटण असा बारीक आवाज चालू असतो. आमच्या खजिनदाराने तेवढ्यातही हिशोब केला, त्याची नाणी १०३ व्या पात्राशी संपली. तिथून होडीने पलीकडे वाट अरुण, अरुण म्हणजे सूर्याचा सारथी तोच.

प्रश्न : शुद्ध शाकाहारी तीन जण आहोत. उपाशी मरू का?

उत्तर : नाही, पण "भाजी द्या" म्हणून भागणार नाही, कारण भाजीत फिश सॉस असतो आणि त्यांच्या लेखी तो मासा नव्हे, मीठ. थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात "जे" असं थाई अक्षर दिसलं की आत शिरा, तिथे मांस-मासे-अंडी नाहीत आणि कांदा-लसूणही नाही. शब्द पाहिजे असेल तर "मांगसाविरात" म्हणा. ओळखीचा वाटतोय ना, मांसविरती. व्हिएतनाममध्ये "चाय" लिहिलेलं शोधा, चहा समजू नका. कंबोडियात जरा कठीण जातं, तिथे प्राहोक म्हणजे आंबवलेल्या माशाची पेस्ट बऱ्याच पदार्थांत असते, ऑर्डर देतानाच स्पष्ट विचारा. बाकी ग्रुपला एकच विनंती, तीन शाकाहारींसाठी सगळ्यांनी रोज एकाच हॉटेलात जायचं असं करू नका आणि त्यांना रोज नुसता भात खायलाही लावू नका. बाजारात रात्री गाड्यांवर जा, प्रत्येकाने आपापलं आणायचं आणि एका टेबलावर बसायचं.

प्रश्न : कपड्यांचं काय? उकाडा भयंकर असतो म्हणतात.

उत्तर : असतो, एप्रिलमध्ये तर जाऊच नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलांनाही. वरून ओढणी घेतली की झालं असं बाकानला चालत नाही, बाह्या असलेला टीशर्टच पाहिजे. सुती ढगळ पँट तिथल्या बाजारात मिळते, हत्तीचं डिझाइन असलेली, आठही जण तीच घालून फिरलो.

प्रश्न : आमचा एक मित्र प्रत्येक गाइडला सांगतो की हे सगळं आपल्याच लोकांनी येऊन बांधलंय. आम्हाला लाज वाटते पण उत्तर काय द्यावं कळत नाही. ताई, खरं काय? — गाइडच्या मागे लपणारे

उत्तर : तुमच्या मित्राला हा भाग मोठ्याने वाचून दाखवा.

देव इथून गेले हे खरंय. व्यापाराची जहाजं, ब्राह्मण, भिक्खू, त्यांच्याबरोबर रामायण-महाभारत, लिपी, संस्कृत. अंगकोर हा शब्दसुद्धा नगर या शब्दावरून आलाय. पण देवळं बांधली ख्मेर राजांनी आणि ख्मेर गवंड्यांनी, कुलेन डोंगरातला दगड आणून. कुणी सैन्य घेऊन येऊन बांधून दिली नाहीत. आणि जे घेतलं ते त्यांनी आपलं करून टाकलं. सातव्या जयवर्मनचं उदाहरण घ्या. तो बौद्ध होता, ११८६ मध्ये आईसाठी ता प्रोम, ११९१ मध्ये वडिलांसाठी प्रिय खान उभारलं. ता प्रोमचा शिलालेख संस्कृतात आहे आणि त्यात राज्यातल्या १०२ आरोग्यशाळांचा उल्लेख आहे. भाषा आपल्याला ओळखू येते म्हणून काही आरोग्यशाळा आपल्या होत नाहीत.

प्रंबाननचं घ्या. नवव्या शतकातलं जावातलं देऊळ, मधलं शंकराचं शिखर ४७ मीटर उंच. आत दुर्गेची मूर्ती आहे, पण तिथले लोक तिला रोरो जोंग्रांग म्हणतात, म्हणजे सडपातळ कुमारी. गोष्ट अशी की तिला नको असलेल्या एका राजपुत्राला तिने अट घातली, एका रात्रीत हजार देवळं बांध. त्याने भुतं लावून ९९९ बांधली. तेव्हा हिने गावातल्या बायकांना उठवून भात कांडायला लावला, पूर्वेला जाळ केला, कोंबडे आरवले, भुतांना वाटलं उजाडलं आणि भुतं पळाली. राजपुत्राने चिडून तिला दगड केलं, तीच हजारावी मूर्ती. आता ही गोष्ट आपल्या कुठल्या पुराणात आहे सांगा. मूर्ती दुर्गेची, गोष्ट त्यांची, आणि दोन्ही एकाच गाभाऱ्यात सुखाने राहतात.

आपल्याला अभिमानच हवा असेल तर दुसरा आहे. ख्मेर रूज या क्रूर कम्युनिस्ट गटाच्या राजवटीनंतर कंबोडिया पार मोडून पडला होता, तेव्हा १९८६ ते १९९३ भारतीय पुरातत्त्व खात्याची माणसं अंगकोर वाटला दुरुस्तीचं काम करत होती. रसायनांनी दगड साफ करण्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली, तीही मित्राला सांगा. व्हिएतनामच्या मी सनलाही आपल्या खात्याने काम केलंय, तिथे २०२० मध्ये खोदताना अख्खं एकसंध शिवलिंग मिळालं. तिथली सगळ्यात सुंदर समजली जाणारी चाम देवळं १९६९ च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात पडली, बॉम्बचे खड्डे आजही गवतात दिसतात.

आणि गाइडला काही सांगायच्या आधी विचारा की त्याच्या घरचे कधी इथे येतात. आमचा गाइड म्हणाला नवीन वर्षाला सगळं गाव येतं, अंगकोर वाटच्या दारातल्या त्या आठ हातांच्या विष्णूला उदबत्ती लावतात. त्याला ते ता रीच म्हणतात. विष्णू वगैरे आजीला माहीत नाही, म्हणाला.

प्रश्न : फ्नॉम पेन्हला तुओल स्लेंगला जावं का? ग्रुपमध्ये दोघींना झेपणार नाही.

उत्तर : ख्मेर रूजने शाळेचं तुरुंगात रूपांतर केलेली ती जागा आहे, १९७५ ते १९७९ मधली. जाऊ शकणाऱ्यांनी जावं, कानात ऑडिओ गाइड लावून, गप्पा न मारता. न झेपणाऱ्या दोघींना ओढू नका आणि नंतर "काय मिस केलंस" असंही म्हणू नका. त्यांनी तेवढ्या वेळात नॅशनल म्युझियम बघावं, तिथे सातव्या जयवर्मनची मांडी घालून बसलेली मूर्ती आहे, हात तुटलेले, डोळे मिटलेले. रात्रीचा कार्यक्रम त्या दिवशी ठेवू नका, आम्ही ठेवला होता, कुणी बोलेचना.

प्रश्न : आम्ही उलट्या क्रमाने जातोय, सिएम रीप शेवटी. परतीची फ्लाइट संध्याकाळी आहे, शेवटचा अर्धा दिवस उरतोय. अजून एक देऊळ बसेल का?

उत्तर : बसेल, पण बसवू नका. नवीन विमानतळ ऑक्टोबर २०२३ पासून चालू झालाय आणि तो शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटर लांब आहे, जुने ब्लॉग वाचून पंधरा मिनिटांत पोचू असं समजू नका. सकाळी पास संपलेला असला तरी अंगकोर वाटच्या खंदकापर्यंत जायला कुणी अडवत नाही. जवळजवळ १९० मीटर रुंद पाणी आहे, काठावर दगडी पायऱ्या आहेत आणि तिथली माणसं डबे घेऊन येऊन बसतात. तुम्हीही उसाचा रस घेऊन बसा. कोण कुणावर कधी चिडलं होतं ते तिथे आपोआप निघतं, निघू द्या. दोनेक तासांनी उठा, आणि विमानतळाच्या गाडीवाल्याला मात्र आदल्या रात्रीच सांगून ठेवा, आठ जणांच्या बॅगा एका रेमॉकमध्ये मावत नाहीत.